उभ्याची चूल

माझं माहेर डोंगरकडा गावचं आणि सासर साखरा गावाच्या शिवेला लागलेल्या एका लहानशा गावातलं. लग्न होऊन आले तेव्हा मी अंगानं भक्कम होते. एक घागर डोक्यावर, दुसरी कमरेवर अशी मी विहिरीवरून यायची, तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "आमची सून दोन बाप्यांचं काम करती." ते ऐकलं की घागरीचं ओझं वाटायचं नाही.

धाकटी मुलगी रांगत होती त्या साली माझी कंबर गेली. जात्याचे दगड टोचून त्याला टाकी लावून घ्यायची होती, पीठ जाड येऊ लागलं होतं. वरचा दगड काढून ठेवायला जाऊबाईला हाक मारायला हवी होती, पण त्या ओढ्यावर धुणं घेऊन गेलेल्या. मी एकटीच वाकले, दगड उचलला आणि वळले. कमरेत कट्‌कन काहीतरी वाजलं. दगड हातातून सुटला आणि मी भिंतीला धरून तशीच वाकडी उभी राहिले. जाऊबाई ओलं धुणं घेऊन आल्या तरी मला सरळ होता आलं नव्हतं.

"उसण भरली असंल. शेका, जाईल," सगळे म्हणाले.

उसण गेली नाही. कमरेतली कळ हळूहळू खाली उतरली. कुल्ल्यातून मांडीच्या मागल्या अंगानं पोटरीत, तिथून घोट्यात आणि थेट पायाच्या करंगळीपर्यंत. कुणीतरी आतून तापलेली तार ओढतंय असं वाटायचं. शिंक आली की डोळ्यांत पाणी यायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बसणं. उभी असले तर जरा बरं, चालले तर आणखी बरं, पण पाटावर बसले की घटकाभरात पाय बधिर व्हायचा. बाईचं कोणतं काम बसल्याविना होतं? दळण बसून, निवडण बसून, भाकरी बसून.

उपाय पुष्कळ झाले. निर्गुडीच्या पाल्यानं शेकलं. बिब्बा लावला, त्यानं कातडी उतली आणि पाठीवर झोपणंही बंद झालं. गावात एक पायाळू बाई होती. जन्मताना जिचे पाय आधी बाहेर आले अशी. पायाळू माणसानं लाथ मारली की कंबर सुटते असं सगळेच मानायचे. ती वयानं माझ्याहून लहान आणि स्वभावानं फार गरीब. लाथ मारायच्या आधी ती माझ्याच पाया पडली.

"वहिनी, मनात धरू नका," ती म्हणाली, आणि मांजराला बाजूला सारावं तसा पाय माझ्या कमरेला लावला.

"अगं जोरात मार!" आत्याबाई ओरडल्या.

ती रडायलाच लागली. मला हसू आलं, आणि हसल्यानं अशी कळ निघाली की मीही तिच्याबरोबर रडले.

शेवटी आमच्या ह्यांनी गाडी जुंपली. गाडीत कडबा अंथरून त्यावर मला पालथं निजवलं आणि हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. सबंध रस्ता ते बैलांना हळू चालवत होते आणि खड्डा आला की आधी सांगत होते, "धर गं, आता हादरा हाय."

डॉक्टरांनी माझा पाय सरळ वर उचलून पाहिला. मी किंचाळले, तशी त्यांनी मान हलवली. "नस दबी है," ते ह्यांना म्हणाले. "लकडी के तख्ते पे सुलाओ. झुकना नहीं, वजन उठाना नहीं, ज़मीन पे बैठना नहीं."

"तर मंग सैपाक कसा करंल हो ती?" ह्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला हाक मारली. त्यांच्या घरीही बायका जमिनीवर बसूनच रांधत असतील.

परत निघण्याआधी हे बैलांना पाणी दाखवायला गेले आणि मी बाजारात एका हलवायाच्या दुकानासमोर उभी राहिले. बसता येत नव्हतं म्हणूनच उभी. तो जिलबी तळत होता. त्याची भट्टी त्याच्या कमरेइतकी उंच होती आणि तो ताठ उभा राहून, एक हात कमरेवर ठेवून, मजेत झारा फिरवत होता. मी त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिले की त्यानं विचारलं, "क्या होना बाई?" मला जिलबी नको होती. मला त्याची भट्टी हवी होती.

गाडीत पालथी पडूनच मी ह्यांना म्हणाले, "बाप्ये उभ्यानं तळतेत, तर मी उभ्यानं भाकरी काहून करू नये?"

हे कासरा सैल सोडून मागं वळले. मग म्हणाले, "आई काय म्हनंल?"

आई काय म्हणाली ते साऱ्या आळीनं ऐकलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या लाकडी फळीवरून उठून मी चालू-फिरू लागल्यावर ह्यांनी नदीकाठची माती आणि ओढ्यातले दगड आणून टाकले, तेव्हा आत्याबाई दारात उभ्या राहिल्या. "चूल भुईवर असती. भुईला टेकून बसावं, अग्नीला हात जोडावा, मंग तवा ठेवावा. उभ्यानं रांधलेलं अन्न अंगी लागत न्हाई. ह्या घरात हे चालायचं न्हाई."

"आत्याबाई, हात मी उभ्यानंच जोडीन," मी म्हणाले. आजवर त्यांना उलट बोलले नव्हते. पण शब्द माघारी घेतले नाहीत.

त्या दारातून बाजूला झाल्या. जुनी चूल मात्र त्यांनी मोडू दिली नाही.

माती भिजवून तिच्यात भुसा घालून मी ती पायानं तुडवली. चालल्यानं मला बरंच वाटायचं. परसाच्या भिंतीला लागून ओटा रचला, त्यावर चूल घातली आणि शेजारी पीठ मळायची काठवट ठेवायला जागा केली. वाळल्यावर जाळ घातला तर कळलं की ओटा जास्त उंच झाला आहे. भाकरी थापायला खांदे उचलावे लागत होते आणि तव्याची धग थेट तोंडावर येत होती. आळीतल्या बायका बघायला जमल्या होत्याच. एक म्हणाली, "आता निसनी लावा बाई चुलीवर चढायला!" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि दुसऱ्या दिवशी ओटा फोडला.

दुसऱ्यांदा रचताना मी आधी पीठ मळत असल्यासारखी उभी राहिले आणि हात जिथं आपसूक टेकले तिथं ह्यांना भिंतीवर कोळशाची रेघ ओढायला सांगितली. ह्या वेळी ओटा बराबर झाला. पहिली भाकरी टम्म फुगली, तेव्हा पाय दुखत होता की नव्हता हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

दळण मात्र उभ्यानं होण्यासारखं नव्हतं. त्याची तोड जाऊबाईंनी काढली. त्यांना धुराचा त्रास व्हायचा. "तुमी दोघींच्या वाटच्या भाकरी करा, मी दोघींचं दळते," त्या म्हणाल्या. अशी आमची वाटणी झाली आणि पुढं कधी मोडली नाही.

आत्याबाई मात्र जुन्या चुलीवर आपली एकटीची भाकरी करायच्या. गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत उठायच्या. मी बघायची. असं एक साल गेलं असेल. एका सकाळी मी तवा ठेवला होता, तेवढ्यात त्या मागं येऊन उभ्या राहिल्या. जाळाकडं बघत म्हणाल्या, "जरा सरक." मी सरकले. त्यांनी हात जोडले, पीठ घेतलं आणि भाकरी थापली. त्यांच्या हातची भाकरी माझ्याहून पातळ असायची, त्या दिवशीही तशीच झाली. जुन्या चुलीत मग कोंबडी अंडी घालू लागली.

निजामाचं राज्य राहणार की जाणार ह्याची धामधूम चालली होती त्या पावसाळ्यात माझ्या चुलीनं काय केलं ते सांगायलाच हवं. सेनगावच्या पलीकडच्या एका गावातून माझ्या नणंदेच्या सासरची माणसं लुटालुटीच्या भीतीनं घर सोडून निघाली. पैनगंगा ओलांडून, निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात सोयऱ्यांकडं जायचा त्यांचा बेत होता, पण नदीला पूर आलेला. पाणी उतरेपर्यंत ती सगळी आमच्याकडं राहिली. म्हातारी माणसं, तान्ही लेकरं, वाटेत भेटलेली दुसरी दोन कुटुंबंही. घर, गोठा, ओसरी माणसांनी भरून गेली.

त्यांच्या बायका हातभार लावायला उठल्या, पण चालून चालून त्यांच्या पायांना फोड आले होते. मी म्हणाले, "तुमी बसा. मला तशीही बसायची मनाई हाय."

भाकरी करायला लागले ती थांबलेच नाही. जाऊबाईंचं जातं घरघरत होतं, आत्याबाई सरपण सारत होत्या, मी थापत होते. मधेच पायात ती तार पेटली. तेव्हा एक धोंडा पायाशी ओढून घेतला आणि दुखरा पाय त्यावर टेकवला. थोड्या वेळानं पाय बदलला. असं केलं की कळ ओसरते हे मला माझ्याच अंगानं शिकवलं होतं. दुपारी शेवटच्या लेकराच्या हातात भाकरी पडली, तेव्हा टोपल्यात अजून दोन-चार उरलेल्या होत्या. पूर उतरेपर्यंत रोज हेच चाललं.

जायच्या दिवशी नणंदेची सासू चुलीजवळ येऊन वाकून बघत होती. "असली चूल कुठं पाह्यली न्हाई बाई. कोन्या गवंड्यानं घातली?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई पुढं झाल्या. "गवंडी कशाला पाह्यजे? आमच्या सुनेनं घातली. कंबर गेली व्हती तिची, तरी घातली. हात लावून बघा, केस जाईल एवढीसुद्धा चीर न्हाई."

मी खाली मान घालून काठवट धुवत राहिले. 

पुढं शेजारच्या तांड्यावरची एक बाई आली. तिचंही दुखणं कमरेतून पायात उतरायचं. तिच्या दारात जाऊन मी तिच्या उंचीची चूल घालून दिली. मग आमच्या आळीत, निसनी लावा म्हणणारीच्या घरीसुद्धा. सगळ्यांची उंची निराळी, म्हणून प्रत्येकीला आधी भिंतीजवळ उभं करून पीठ मळायला लावायची.

दुखणं माझं गेलं नाही. थंडीत आणि अवसेच्या आसपास ते अजून पायात उतरतं, आणि त्या दिवशी मी शेतापर्यंत चालून येते, मग हलकं वाटतं. लोक विचारतात, "बाई, आता कंबर कशी हाय?" मी सांगते, "हाय तशीच हाय, पण तिच्यापायी आमच्या घरात कुणी एक दिवस उपाशी निजलं न्हाई."