मामांचा कमठा, मामीची चूल

आमच्या बदनापूरच्या दारात निरोप घेऊन आलेला माणूस मामा गेले असं म्हणालाच नाही. “मामीनं बोलावलंय, जल्दी निघा,” एवढंच बोलला आणि पुढे केलेलं पाणी न घेता उंबऱ्याबाहेर उभा राहिला. निरोप्या पाणी घेत नाही तेव्हा काय झालेलं असतं, ते आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तीर्थपुरीला एसटीतून उतरून मामांच्या वस्तीवर पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. अंगणात माणसं होती, बायका होत्या, रडणं होतं... पण मी आत शिरले आणि माझी नजर गेली ती चुलीकडे. चूल थंड होती. मर्तिकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे भाकरी आणतात, हे मलाही ठाऊक आहे. तरीही मी तिथंच थबकले, कारण या घरातली चूल अशी दिवसभर थंड मी याआधी एकदाच पाहिली होती, आणि ती माझ्या लग्नात.

वडील गेल्यावर आईने मला मामांकडे आणून सोडलं, तेव्हापासून मी या घरची. मामांना मूलबाळ नव्हतं. जमीन बेताची, विहिरीवर उसाचा एक तुकडा, आणि त्या उसावर डोळा ठेवून असलेली ओढ्यातली रानडुकरं. घरात बंदूक कधी नव्हती. होता तो तीरकमठा. त्यांच्या वडिलांनी एका म्हाताऱ्या भिल्ल मित्राकडून शिकून घेतलेला आणि मामांना दिलेला. कमठा म्हणजे धनुष्य, भरीव बांबूचं. त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची, चिवट आणि पिवळसर. तीर बोरूचे, टोकाला लोहाराकडून घडवलेलं पातं, मागे बाभळीच्या डिंकाने चिकटवून दोऱ्याने आवळलेली पिसं. पावसाळा संपला की मामा अंगणात बसून एकेक तीर डोळ्यासमोर धरून बघायचे आणि वाकडा निघाला की निखाऱ्यावर शेकून सरळ करायचे. मी म्हणायचे, “मामा, पोरीचं स्थळ बघावं तसं बघून राह्यले की!” तर म्हणायचे, “स्थळ वाकडं निघालं तर शेकून सरळ होत न्हाई बाई, म्हणून ते जास्ती बघावं लागतं.”

मामा तीर मारताना एक डोळा मिटत नसत. दोन्ही डोळे उघडे, दोरी गालाच्या हाडापर्यंत, श्वास अर्धा सोडलेला. तिराकडे बघायचं नाही, तीर जिथे जायचा तिथे बघायचं, असं त्यांनी मलाही शिकवलं. कडब्याच्या पेंढीवर मारून मारून माझी बोटं सोलवटली तेव्हा मामीने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. पण मारण्यापेक्षा न मारण्याचेच त्यांचे नियम जास्त. पाण्यावर आलेल्या जनावराला मारायचं नाही. पिलं संगं असली की मारायचं नाही. पळत्यावर तर बिलकुल नाही, कारण पळत्या जनावराला तीर लागतो पण नीट लागत नाही. आणि सगळ्यात कडक नियम घराचा होता. जनावर जखमी होऊन रानात गेलं, तर ते सापडून त्याचा जीव मोकळा होईपर्यंत मारणाऱ्याच्या घरी चूल पेटवायची नाही. ते तिकडं तडफडतंय आणि आपण इकडं भाकरी थापायच्या, हे बराबर न्हाई, असं मामा म्हणत. हा नियम त्यांच्यापेक्षा मामी जास्त पाळायची. मामा कमठा घेऊन निघाले की ती चुलीवर पाणी शिंपडून उंबऱ्यात बसे आणि ते दिसले की मगच जाळ करी. इतक्या वर्षांत ती फार वेळ बसली असेल असं नाही, कारण मामांचा हात चुकत नसे.

चुकला तो नेमका माझ्या लग्नात. बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आदल्या उन्हाळ्यात मामांच्याच दारात मांडव पडला होता. वऱ्हाड बदनापूरहून आदल्या संध्याकाळीच येऊन उतरलं होतं. सकाळी हळद लागली. अंगणात चर खणून मोठ्या कढया मांडल्या होत्या, आणि तेवढ्यात विहिरीकडून आरडाओरडा झाला. उसात डुक्कर शिरलं होतं. माझे चुलतसासरे म्हणजे मोठं हौशी माणूस. त्यांनी मामांच्या नेमाची कीर्ती ऐकलेली. ते सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, “लई ऐकलंय तुमच्या हाताबद्दल. दाखवा की एकदा, का नुसत्याच गप्पा?” माणसं हसली. मामांनी कमठा घेतला. डुक्कर उसातून निघून बांधावरून पळत होतं... पळत होतं, हे मला मांडवातूनसुद्धा दिसत होतं. मामांनी तीर सोडला. तो मांडीत लागला आणि डुक्कर तीर घेऊनच ओढ्यात उतरलं. वऱ्हाडाने वाहवा केली. मामांचा चेहरा मात्र राखेसारखा झाला. त्यांनी डोक्याचा फेटा काढून माझ्या हातात दिला आणि रक्ताच्या मागावर निघून गेले.

मागे वळून बघते तर मामी तांब्या घेऊन उभी. तिने चुलीवर पाणी ओतलं, अंगणात येऊन कढयांखालचा जाळही विझवला. आचारी तोंडाकडे बघत राहिला. थोड्या वेळाने शेजारणी भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या, आणि ते बघून चुलतसासऱ्यांचं टाळकं सरकलं. “शेजाऱ्याच्या भाकरीवर वऱ्हाड जेवणार? हे लगीनघर हाय का मर्तिकाचं? गाड्या जुंपा!” मामी हात जोडून म्हणाली, “पाव्हणं, रागावू नका. ते आल्याबिगर जाळ न्हाई करायची मी. लगीन मोडलं तर पोरगी माझ्याच घरी हाय.” मी हळदीच्या अंगाने खोलीत बसून हे ऐकत होते. मला मामांचा राग आला, मामीचा आला, त्या डुकराचाही आला. तेवढ्यात बाहेर गलका झाला. नवरदेव कुठे दिसेना.

नवरदेव, म्हणजे आमचे हे, मामांच्या मागे गेले होते. हळद लागल्यावर नवऱ्याने मांडवाबाहेर पाऊल टाकू नये म्हणतात, आणि हे भर उन्हात पिवळ्या अंगाने ओढ्यातून चालत होते. पुढचं सगळं मला यांच्याकडूनच कळलं. मामा परत जा म्हणाले. हे म्हणाले, “चुलत्यानं डिवचलं, तुम्ही मारलं. अर्धं पाप आमच्याकडचं हाय, मंग मी का घरी बसू?” मामांनी बोटाने गप्प राहायची खूण केली. तरवडाच्या पानावर रक्ताचा ठिपका, मग वाळूत फरपटलेला खूर, मग बराच वेळ काहीच नाही. मधे मामा एका बाभळीखाली नुसतेच बसून राहिले. मागे लागलं की जखमी जनावर आणखी पळतं, त्याला टेकू द्यावं लागतं. ऊन कलताना शिंदीच्या झाडीत ते सापडलं. मामा वास लागू न देता वाऱ्याच्या खालच्या अंगाने अगदी जवळ गेले आणि फऱ्यामागे, म्हणजे खांद्याच्या हाडामागे, एकच तीर मारला. मग ओंजळीतून त्याच्या तोंडात पाणी सोडलं. म्हणाले, “जावईबापू, याला मी पिकासाठी न्हाई मारलं, नावासाठी मारलं.” आणि हे सांगतात, मामा तिथे बसून रडले.

दिवस मावळताना दोघे आले. यांच्या अंगावरची हळद घामाने धुऊन गेली होती आणि पाय काट्यांनी भरले होते. मामांनी चुलतसासऱ्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्या भल्या माणसाने त्यांना उठवून पोटाशी धरलं आणि म्हणाले, “मीच आगाऊ बोलून गेल्तो, दादा. चला, भूक लागली.” मामीने चूल पेटवली. दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर लग्न लागलं, मामा फेटा बांधून माझ्या पाठीशी उभे होते. डुकराचं मटण त्यांनी वस्तीत वाटलं, स्वतः त्यातलं बोटाला लावूनही घेतलं नाही. आणि मी संसाराला लागले ती एक गोष्ट पक्की समजून, की जो माणूस माझ्या मामांच्या मागे त्या ओढ्यात उतरला तो मला अर्ध्यावर सोडणार नाही. स्थळ सरळ निघालं, मामा.

पुढे शिकारबंदीचा कायदा आला आणि मामांनी न कुरकुरता शिकार सोडली. डुकरं हाकायला ते डबा वाजवायचे. पण रोज सकाळी कमठ्याला दोरी चढवून कडब्याच्या पेंढीवर चार तीर मारायचे आणि संध्याकाळी आठवणीने दोरी उतरवायचे. ताणून ठेवला तर कमठा तसाच वाकून राहतो, त्यातला जोर मरतो, असं म्हणायचे. शेवटचा महिनाभर खोकल्याने अंथरुणाला खिळले होते. गेले त्या सकाळी जरा बरं वाटलं, म्हणून अंगणात आले, हात अजून हाय का बघतो म्हणाले आणि दोरी चढवली. तीर मारण्याइतकी ताकद नव्हती. कमठा खुंटीला लावून आडवे झाले, ते झालेच...

तेरावा झाला, पाहुणे पांगले, तरी मामीची चूल पेटेना. शेजारणी ताट आणून ठेवायच्या, ती दोन घास खायची आणि उंबऱ्यात बसायची. मी समजावलं, रागावले, शेवटी रडले. तेव्हा ती म्हणाली, “ते बाहेर गेले की परत येईस्तोवर जाळ करायची सवय न्हाई बाई मला.” माझी नजर खुंटीकडे गेली. कमठा तसाच ताणलेला होता, मामांनी त्या सकाळी चढवलेल्या दोरीसकट. मी तो काढायला गेले तर मामी ओरडली, “हात नको लावू! त्यांच्या हातची हाय ती दोरी.” मी म्हटलं, “मामी, सांज झाली. एवढे दिवस तो ताणून हाय. मामा असते तर काय बोलले असते?”

तिने कमठ्याकडे पाहिलं. मग उठून आली. मला एकटीला तो वाकेना. मी गुडघा लावून दाबला आणि तिने बोटांनी दोरीचा फास सरकवला. कमठा आमच्या हातात हळूहळू सरळ झाला. पूर्ण नाही, थोडा वाक राहिलाच. मामीने त्यावरून हात फिरवला, दोरी गुंडाळून खुंटीला अडकवली आणि डोळे पुसले.

“बस,” ती म्हणाली, “भाकरी टाकते.” आणि चुलीशी जाऊन तिने काडी ओढली.