पडायची सोय

मुलांनो, आजोबांचा रेडिओ तुम्हाला पाठवायचा म्हणून मी तो जुन्या साडीत गुंडाळून खोक्यात ठासून भरला. शेजारची मेघना कारखान्यात टीव्हीच्या खोक्यांसाठी फोमचे साचे आखते. ती म्हणाली, “आजी, इतकं आवळू नका. धक्का बसला की दबायला जागा हवी.” तिने चारी कोपऱ्यांना फोम बसवला, खोकं कमरेइतकं उचललं आणि चक्क सोडून दिलं.

“अगं, काय करतेस!”

“वाटेत पडणारच ते. आधी इथे पडू दे.”

खोकं उघडून लावला, तर रेडिओ खरखरला आणि बोलू लागला.

तुमच्या बाबाला मी ‘पडू नकोस’ एवढंच सांगत आले. लहानपणी तो पडला तरी सांगायचा नाही; फुटलेला गुडघा मला आंघोळीच्या वेळीच दिसायचा.

तुम्ही पडलात, तर मला कळवत जा. मी रागावणार नाही.