पगडीवाल्याबद्दल लोक काय म्हणतात

शरयूने खोटं बोलायला सुरुवात केली ती एका दुपारी, चहा पुढे ठेवता ठेवता, आणि तेव्हा तिला ते खोटं वाटलंच नाही.

अमेरिकेत, सनीव्हेलच्या त्या अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर वेन्डेल नावाचे गृहस्थ एकटे राहत. वय ऐंशीच्या पुढे, नजर जवळजवळ गेलेली. तरुणपणी टीव्हीच्या मालिकांत घोड्यावरून पडायचं काम करत. वरच्या मजल्यावरची शरयू नागपुरात कॉलेजात शिकवायची. नवऱ्याच्या, अवधूतच्या नोकरीमागे इथे आली आणि व्हिसावर नोकरीची परवानगी नसल्यामुळे घरी बसली. इमारतीत तिचं नाव पहिल्यांदा विचारलं ते वेन्डेलनी. सगळे त्यांना नुसतं नावाने हाक मारत. शरयूच्या तोंडून ते निघेना, म्हणून ती वेन्डेलकाका म्हणू लागली.

"काका म्हणजे काय?"

"बाबांचा भाऊ."

"मग कळव त्यांना, भाऊ सापडला म्हणावं!"

पडद्यावर वेन्डेलकाका एकदाच बोलले होते. पन्नास वर्षांपूर्वीची मालिका. सरकारचा गुप्तहेर दातांचा डॉक्टर बनून घोड्यावरून गावोगाव फिरतो. एका भागात त्याच्यावर पाळत ठेवणारा हिंदुस्थानी हेर म्हणजे आपले वेन्डेलकाका. तोंडाला तपकिरी रंग, डोक्याला पगडी, दोन वाक्यं, आणि शेवटी घोडागाडीच्या टपावरून नदीत. तो भाग आता पुन्हा दाखवत होते आणि प्रेक्षक एका वेबसाइटवर मतं लिहीत होते. ती वाचून दाखवशील का, असं काकांनी विचारलं. त्या दुपारी शरयूने कॉम्प्युटर लावला.

पहिलंच मत होतं : "पगडीवाला नट आहे की ओंडका? आमचं कपाट याच्यापेक्षा बरं काम करेल."

शरयूने मान वर केली. निकालाच्या दिवशी मुलं बसतात तसे काका दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

"पगडीवाल्याचे डोळे लक्षात राहतात," तिने वाचलं.

कुणी हौसेने केलेली भाजी खारट झाली, तरी 'छान झालीय' म्हणून ताटातली संपवायची, अशा घरात ती वाढली होती. त्याहून वेगळं काही केलं असं तिला वाटलं नाही. पण दर आठवड्याला नवी मतं येत गेली, तशी तिची वाक्यंही वाढत गेली. काका ती पाठ करत आणि पोस्टमनलासुद्धा ऐकवत.

मग सॅन होजेहून फोन आला. मालिकेचे चाहते एका हॉलमध्ये जमणार होते. तो भाग दाखवून झाल्यावर प्रेक्षक उठून मतं सांगणार, आणि काकांनी स्टेजवर बसायचं. अशी बोलावणी त्यांनी वर्षानुवर्षं टाळली होती. या वेळी लगेच हो म्हणाले.

"आता ठाऊक आहे ना, लोकांना काय वाटतं ते!"

रात्री जेवताना शरयूने अवधूतला सगळं सांगितलं.

"यार, कॅन्सल करायला लाव," अवधूत म्हणाला. "तुलाच बरं नाही म्हणून सांग."

"म्हणजे अजून एक खोटं?"

"मग खरं सांगून टाक."

"आणि त्यांनी बोलणंच सोडलं तर? दिवसभरात दुसरं कोण बोलतं माझ्याशी इथे?"



शनिवारी तीच त्यांना गाडीतून घेऊन निघाली. काकांनी जुना कोट घातला होता आणि वाटभर ते तिची वाक्यं पुटपुटत होते. फ्रीवेवर दोनदा तिने तोंड उघडलं आणि मिटलं. हॉलसमोर गाडी लावली. दारात माणसं जमलेली दिसत होती. काकांनी पट्टा सोडला, तेव्हा तिने त्यांची बाही धरली.

"काका, मी तुम्हाला वाचून दाखवलं ते कुणीही लिहिलेलं नव्हतं. मी रचलं."

त्यांचा हात पट्ट्यावरच राहिला.

"सगळं?"

"सगळं."

"मग काय लिहिलं होतं?"

तिने सांगितलं. ओंडका, कपाट, काहीच गाळलं नाही. मागून कुणाचा तरी हॉर्न वाजला तरी दोघं हलली नाहीत.

"तुला काय वाटलं होतं?" त्यांनी विचारलं. "भाग तू पाहिला होतास, पण तुझं मत कधी सांगितलं नाहीस."

"पगडी चुकीची बांधलेली. बोललात ती भाषा आमच्याकडे कुठेच नाही. आणि तो रंग बघून मला राग आला," शरयू म्हणाली. "पण टपावरून पडलात तेव्हा मी डोळे मिटले."

काका दार उघडून उतरले. तिने पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. काठीने पायरी चाचपत ते एकटेच दारापर्यंत गेले. ती मागे चालत राहिली. घरी परतताना गाडीत ती एकटीच असेल, असंच तिला वाटत होतं.

दारापाशी ते थांबले. वळले नाहीत.

"आत कोण काय बोलतं ते मला ऐकू येईल. बोलताना तोंडं कशी करतात ते दिसणार नाही. ते तू सांगायचं. जसं असेल तसं."

भाग संपेपर्यंत काकांना पहिल्या रांगेत बसवलं होतं; ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दिवे मंद झाले, पडद्यावर पगडी आली आणि मागे कुणीतरी हसलं.

"कसं हसला?" काकांनी हळूच विचारलं.

शरयूने मागे वळून नीट पाहिलं.

"कुचकट," ती म्हणाली.