निवाऱ्यातल्या बॅटरीचं गाऱ्हाणं

मंडळी, आज आमच्या किनाऱ्यावरच्या गावात ऊर्जाबचत आणि हवामान-सज्जतेची बैठक झाली. पंचायतीला मदत करायला शहरातून एक सल्लागार आले होते. त्यांचा सगळा भर लोकसहभागावर.

रीतीप्रमाणे गावकरांनी, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांनी, देवाला गाऱ्हाणं घातलं. प्रत्येक वाक्याला आम्ही सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. सल्लागार हरखले. त्यांनी सरपंचांच्या कानात काहीतरी सांगितलं, सरपंचांनी गावकरांच्या.

"बा देवा म्हाराजा, वादळ-निवाऱ्यातली सोलर बॅटरी आता पंचायतीच्या एसीक जोडतो हाव. बिल वाचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ठराव एकमताने मंजूर. मी गावचा भटजी; आमच्या संस्कृत पूजेत यजमान निदान संकल्प ऐकून तरी पाणी सोडतो.

मग सुमनकाकी उठल्या. "वादळात लाईट गेली की माझ्या घोवाचा ऑक्सिजन मशीन त्याच बॅटरीर चलता. आता तेका खंय नेऊ?"

"काकी, तूच मोठ्यान व्हय म्हटलंस गो!" सरपंच म्हणाले. सभागृह हसलं. मीही हसलो; एसी छान लागत होता.

काकी हसल्या नाहीत. गावकरांना म्हणाल्या, "मगे अजून एक गाऱ्हाणा घाल. औंदा वादळ येव नको म्हणान."

त्यांनी घातलं. आम्ही छप्पर उडेल असं "व्हय म्हाराजा" म्हटलं.

सल्लागारांनी ते "हवामान-सज्जता" या मथळ्याखाली टिपून घेतलं आणि बैठक संपली.

तुमच्या गावची सज्जता कुठवर आली?