दाजी लाँचने जातात

पाण्याची इतकी काळजी करणारा आणि पाण्याला इतका भिणारा माणूस परंडा तालुक्यात दुसरा नसेल. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, विहिरीला पाणी किती राहिलं हे बघायला रोज सकाळी जातात आणि काठापासून दोन हात लांब उभे राहून आत खडा टाकतात. मग आवाजावरून अंदाज. धरण भरल्याचं कळलं की पेढे वाटतात, पण बघायला चला म्हटलं तर त्यांचा गुडघा दुखतो. एसटी पुलावर आली की दोन्ही पाय उचलून सीटवर घेतात. नदी ठणठणीत कोरडी असली तरी घेतात. "दाजी, पाणी काय एसटीत येतंय का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मला कळतंय की, मेव्हणीबाई. पायाला सांगून बघितलं, ऐकत न्हायत."

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीने अलिबागेत नर्सची नोकरी धरली आणि तिथलाच, लाँचवर काम करणारा मुलगा पसंत केला. दाजींनी परंड्यात थाटात लग्न लावून दिलं, पण लेकीच्या घरी काही पाऊल टाकलं नाही. जावयाने ते पाण्यावरचं काम सोडावं, परंड्याला यावं, स्टँडजवळ दुकान टाकून द्यायला आपण तयार आहोत, हे त्याला समोर बसवून सांगायचं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. यंदा धोंड्याचा महिना आला. जावयाला जेवायला बोलावलं, तर पावसाळ्यात लाँच बंद व्हायच्या आधीची गर्दी, त्याला सुट्टी नाही. "तो येत न्हाय तर आमी जातो," म्हणून दाजी निघाले. सासऱ्याने डबा घेऊन जावयाच्या दारात धोंडा पोचवायचा, हा प्रकार आमच्याकडे कुणी ऐकलेला नव्हता. ताईला गुरांमुळे घर सोडता येईना, म्हणून सोबतीला मी. मी पनवेलवरून रस्त्याने जायचा बेत आखला होता, गाड्यांच्या वेळांसकट. दाजींनी तो मोडला. "जावई रोज ज्या पाण्यावर जातो, त्याच पाण्यानं जायचं. बघितल्याबिगर बोलू कसं?"

मुंबईच्या धक्क्यावर लाँच लागली तशी दाजींनी कठड्यावरून टॉवेल फेकून जागा धरली. तीही अगदी पुढची, कारण एसटीत मागं टायरवर दणके बसतात. मी उलटीची गोळी घेतली, त्यांनाही दिली. "अजून काय व्हतंय का मला, तवर गोळी?" म्हणत त्यांनी ती खिशात टाकली. ऊन लागू नये म्हणून घेतलेला कांदा त्या खिशात आधीच होता. मांडीवर ताईने दिलेला तेहतीस अनारशांचा डबा. अर्ध्या वाटेत वारा वाढला आणि लाँचचं तोंड वर जाऊन धाडकन खाली आपटायला लागलं. दाजींनी सवयीने पाय बाकावर घेतले; पुढच्या लाटेने त्यांना डब्यासकट शेजारच्या बाईंच्या मांडीवर नेऊन ठेवलं. "काका, पाय खाली टेकवा, म्हणजे तोल राहील," त्या बाई हसू दाबत म्हणाल्या. दाजींनी पायांकडे रोखून बघितलं. पाय खाली आले. "ऐकले," ते मला हळूच म्हणाले. गोळी, आलेपाक, पिशवी अशी सगळी तयारी केलेली मी त्या वेळी पिशवी वापरत होते. माझ्या पाठीवर हात ठेवून दाजी म्हणाले, "तुमची गोळी दुकानदाराला परत द्या, मेव्हणीबाई."

जरा वेळाने त्यांनी खलाशाला विचारलं, "रोज असंच आसतंय का?"

"आज काय नाय काका. पावसाच्या तोंडावर बघा!"

त्यानंतर पलीकडचा धक्का येईपर्यंत दाजी त्या खलाशाच्या पायांकडे बघत होते.

धक्क्यावर लेक-जावई उभे होते; जावयाने दुपारपुरती पाळी बदलून घेतली होती. लाँच खालीवर होत होती आणि मधल्या फटीत पाणी उसळत होतं. जावई शेताचा बांध ओलांडावा तसा सहज आत आला आणि त्याने दाजींना दंडाला धरून वर घेतलं. दाजींनी त्याचा हात सोडला नाही.

"जावईबापू, पवता येतंय का तुमाला?"

"येतं, मामा."

"आन् हिला?"

"मलापण येतं, अण्णा. ह्यांनीच शिकवलं," लेक म्हणाली.

दाजी तिच्याकडे बघतच राहिले. "लई खोल जात जाऊ नगं," एवढंच म्हणाले.

दुपारी पाटावर बसवून जावयाला ओवाळलं, निम्मे मोडलेले अनारसे वाढले. आता दुकानाचा विषय निघणार म्हणून मी वाट बघत होते. दाजी तुपाची वाटी पुढे सरकवत "घ्या अजून, घ्या" इतकंच म्हणत राहिले. परतताना, अर्थात रस्त्याने, मी आठवण केली. "दुकानाचं राहिलंच की, दाजी."

"लाँच अशी खालीवर व्हत व्हती, तरी त्यो पठ्ठ्या खाली बघतसुदा न्हाय वो. त्याला दुकानात कोंडून काय करू?"

आता आठवड्यातून दोनदा तरी त्यांचा मला तुळजापूरला फोन येतो. पूर्वी धान्य उफणायच्या दिवसांत वारं पडलं, म्हणजे थांबलं, की दाजी खळ्यावर पाटी हातात धरून आभाळाला शिव्या द्यायचे. हल्ली टीव्हीवर कोकणाचा अंदाज लागला की घरात कुणाला बोलू देत नाहीत, असं ताई सांगते. परवा संध्याकाळी पुन्हा फोन आला. म्हणाले, "मेव्हणीबाई, तिकडं वारं पडलंय म्हणं आज." मी म्हटलं, "बरं झालं की, दाजी." "व्हय," ते म्हणाले, "आता जेवतो."