बुडणाऱ्या बोटीसाठी निर्माता शोधताना

पुण्यातल्या अकरा निर्मात्यांनी आमची पटकथा "फार छान आहे" असं म्हणून परत केल्यावर सायली म्हणाली, आता ज्यांना छान म्हणायची सवय नाही अशा माणसांकडे जाऊया. सायली माझी सहलेखिका, कॅमेराही तीच करणार. चित्रपटाची गोष्ट एका ओळीची आहे: मासेमारीला गेलेली बोट परत येत नाही आणि बायको किनाऱ्यावर वाट बघत राहते. आम्हाला सात लाख कमी पडत होते, आणि एक बोट. सायलीच्या मैत्रिणीचे दत्तारामकाका कुणकेश्वरजवळ राहतात, त्यांच्या दोन बोटी आहेत आणि त्यांना नाटकांचा भारी नाद आहे, एवढ्या भांडवलावर आम्ही निघालो.

पहाटे पाचला पुणं सोडलं. कोल्हापूर, गगनबावडा, घाट उतरून तळेरे, मग महामार्गाने नांदगाव आणि तिथून उजवीकडे देवगडचा रस्ता. घाट चालू आहे का ते निघण्याआधी विचारून घ्या. आम्ही विचारलं नाही आणि दीड तास एका डंपरच्या मागून कोकणात उतरलो. त्या वेळात मी सायलीला गुंतवणूकदारापुढचं माझं भाषण तीनदा म्हणून दाखवलं. चौथ्यांदा तिने गाणी लावली.

कुणकेश्वरला बाराशेत खोली मिळाली, समुद्र दिसणारी. तो दिसतो, पण गच्चीवरच्या टाकीवर चढावं लागतं. मालकांना चित्रपटाचं कळलं तेव्हा तेही पैसे घालायला तयार झाले, फक्त नायक त्यांच्या खानावळीतली थाळी खाताना दिसला पाहिजे. नायक दहाव्या मिनिटालाच समुद्रात जातो म्हटल्यावर ते म्हणाले, मग नवव्या मिनिटाला जेवू दे. सुरमईची थाळी चारशेची होती आणि ती संपेपर्यंत मला त्यांची अट अगदीच गैर वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर दत्तारामकाका भेटले. जाळं दुरुस्त करत होते, शेजारी त्यांच्या बायको, सुलभाकाकी, मासळी निवडत होत्या. बोटीवर मासळीसाठी बर्फ नेतात त्या खोक्यावर मी लॅपटॉप उघडला. उन्हात पडद्यावर माझंच तोंड दिसत होतं, तरी मी सादरीकरणाची चौदाही पानं समजावली. काका खूश दिसले. आपलं नाव सुरुवातीला येणार की शेवटी, एवढंच त्यांनी विचारलं. मग काकींनी मान वर केली.

"बोट परत येता मां?"

मी सांगितलं की नाही येत, तोच तर चित्रपटाचा गाभा आहे. विरह, अनिश्चितता वगैरेही सांगितलं.

"शिणेमा तुमचो, पण बोटीर नाव आमचा आसा," काकी म्हणाल्या आणि पुन्हा मासळीकडे वळल्या.

काकांनी जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, पैशाचं बघू, आधी गाऱ्हाणं घालूया. म्हणजे कामाला हात लावण्याआधी देवापुढे ते मोठ्याने मांडायचं. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. नारळ आम्ही आणला, चाळीस रुपये. चित्रपटाचा पहिला अधिकृत खर्च.

वाडीतल्या देवळात एक आजोबा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. काकींनी जाऊन त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मला वाटलं, आमची नावं सांगत असतील. पुण्याहून आलेल्या लेकरांना यश दी रे म्हाराजा, आड येणाऱ्याला बाजूला कर रे म्हाराजा, असं सुरू झालं आणि मला स्फुरण चढलं. डोळे मिटून मी प्रत्येक वाक्याला साथ देत होतो.

"आणि शिणेमातली बोट सुखरूप बंदराक लागांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

डोळे उघडले तर सायली माझ्याकडे बघत होती आणि काकी शांतपणे खोबरं वाटत होत्या. दुपारी काकांनी बोट सहा दिवसांसाठी कबूल केली, लाखाचा चेक दिला, बाकीचे गणपतीनंतर म्हणाले. मी करारपत्र पुढे केलं तर त्यांना हसू आलं.

"सही कसली घेतंस? देवासमोर बोललंस मां?"

 परतताना हातात पैसे होते आणि मला खरंच वाईट वाटत होतं. तीन वर्षं मी ती बोट बुडवत आलो होतो.

राहणं, खाणं, पेट्रोल धरून दोघांचे साडेनऊ हजार झाले. घरी आल्यावर आठवडाभर नवा शेवट लिहायला बसलो आणि रोज कोरं पान घेऊन उठलो. तेव्हा माझं मलाच कबूल करावं लागलं, की विरह वगैरे सगळं नंतरचं. बोट परत आल्यावर ती बाई काय बोलेल हे सुचत नव्हतं, म्हणून मी ती बुडवली होती.

शेवटी काकींनाच फोन लावला. अशी बोट उशिरा आली तर बाई पहिल्यांदा काय बोलते, विचारलं. 

"आमची तीन दिवसांनी इल्ली. मी 'बर्फ उरलो काय?' असा इचारलंय. सगळो गाव उभो होतो, रडाक लाज वाटली."

मी ते तसंच लिहून घेतलं. चित्रपटाच्या शेवटी आता तेवढं एकच वाक्य आहे, आणि ते वाचल्यापासून सायलीने मला एकदाही छान म्हटलेलं नाही. ती नुसती नाक पुसते.