पुढची भिंत

ठाण्याला तळ्याकडून स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर होतं. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर. माणसं चार : सासूबाई, मामंजी, हे आणि मी. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात मी नवऱ्याशी मनमोकळं बोलले असेन ते फक्त तळ्याच्या काठावर. आमचं अंथरूण माजघरात. स्वयंपाकघरात जायची वाट तिथूनच. मामंजी पहाटे उठून पाण्याचा तांब्या घ्यायला आमच्या पायांशी खाकरत उभे राहायचे. मी मुळात तापट, त्यात असं रोजचं जिणं. शेवटी एक दिवस मीच म्हटलं की वर एक खोली काढू या.

मला वाटलं होतं, सासूबाई मोडता घालतील. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणं मी माझ्या मनाने विरोधात धरलं.

मामंजी कोर्टातले निवृत्त कारकून. अर्ज लिहायला मिळणार म्हणून त्यांना खोलीपेक्षा अर्जाचाच आनंद जास्त. पण नगरपालिकेत गेल्यावर कळलं की आमच्या रस्त्याची नवी रेघ आखली गेली आहे. कुणी नवं घर बांधलं तर ते रस्त्यापासून सहा फूट मागे घ्यायचं. जुन्या घराची दुरुस्ती केली किंवा त्याच्यावर मजला चढवला तर मात्र घर आहे तिथेच राहू शकतं. अट एकच, पुढची भिंत जुनीच राहिली पाहिजे. ती पाडली किंवा पडली, की घर नवं ठरणार.

सहा फूट म्हणजे किती, ते मी त्याच दिवशी ओटीवर पावलं टाकून मोजलं. सगळी ओटी जात होती. जिना ओटीतून निघणार होता. जिना नाही तर खोली नाही, आणि खोली नाही तर जन्मभर माजघर.

परवानगी मिळाली आणि होळी झाल्यावर काम निघालं. मागची भिंत गेली, मधली गेली, कौलं उतरली. चूल मागच्या अंगणात एका आडोशाला गेली. पुढची भिंत तेवढी एकटी, दोन्ही बाजूंनी वाशांचे टेकू घेऊन उभी. दगड-मातीची, मध्ये पोट आलेली. गवंडी माजिवड्याचा होता. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "वयनी, ही भित हाय तवर घर हाय. ही परली का सहा फूट गेलं."

झालं. माझं कशातच लक्ष लागेना. मी जवळच्याच शाळेत शिकवत होते. उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची झाली होती. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की मला ती भिंतच दिसायची. रस्त्यावरून एखादी मालाची लॉरी गेली की शाळेच्या खिडकीची तावदानं वाजत. इथे इतकं हलतंय तर तिकडे काय होत असेल, म्हणून मी मधल्या सुट्टीत धावत घरी जाऊन भिंत बघून परत यायची. मुख्याध्यापिका बाईंनी एकदा विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का?" भिंत आजारी आहे असं सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं. संध्याकाळी हे कचेरीतून आले की मी त्यांना चहाच्या आधी भिंतीतली नवी चीर दाखवायची. दोनदा त्यांनी पाहिली. तिसऱ्यांदा म्हणाले, "अगं, ती कालचीच आहे." त्यावरून मी दोन दिवस अबोला धरला.

वरचं काम चढवण्याआधी नगरपालिकेचे ओव्हरसियर भिंत पाहायला येणार होते. दिवस ठरला. मी आदल्या दिवशी गवंड्याकडून टेकू ठोकून घेतले आणि सकाळी शाळेला जाताना मामंजींना बजावलं की भिंतीला कुणी हात लावायचा नाही.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत निघता आलं नाही. साडेअकराला परत आले तर कोपऱ्यावरूनच डोळे दिपले. भिंत पांढरीशुभ्र. आतून-बाहेरून ताजा चुना, चिरा मातीने लिंपलेल्या, खाली गेरूचा पट्टासुद्धा. सासूबाई कोपरापर्यंत चुन्याने माखून पायरीवर बसल्या होत्या. मामंजी सकाळपासून कसल्याशा शिक्क्यासाठी कोर्टात गेले होते.

"अगं, साहेब येणार घरी," त्या म्हणाल्या. "सगळीकडे पाडापाडी. निदान पुढची बाजू तरी बरी दिसायला नको?"

माझा तोल गेला. जुनी भिंत जुनी दिसण्यावरच सगळं अवलंबून होतं आणि ह्यांनी ती नवी करून ठेवली होती. मी रस्त्यावर उभी राहून, गवंड्यादेखत म्हटलं, "आई, तुम्हाला आम्ही वर गेलेले नकोच आहोत. तसं सांगायचं होतं तोंडाने. चुना कशाला लावायचा?"

त्या उठून हात धुवायला मागे गेल्या. बोलले त्याबद्दल मला तेव्हा काडीचंही वाईट वाटलं नाही, हेही खरंच सांगायला हवं. त्या दुपारी मी जेवले नाही. ओटीवरून रस्त्यावर, रस्त्यावरून ओटीवर अशा माझ्या फेऱ्या चालल्या होत्या.

चार वाजता ओव्हरसियर सायकलवरून आले. तरुण, घामाघूम, खाकी पॅन्ट. भिंत पाहिल्याबरोबर त्यांच्या कपाळाला आठी पडली. बोटाच्या पेराने दोन ठिकाणी वाजवून पाहिलं.

"ही नवी बांधलेली दिसते."

मामंजींनी परवानगीचा कागद, घरपट्टीच्या पावत्या, कोर्टातला शिक्का, सगळं पुढे केलं. ओव्हरसियर म्हणाले, "काका, कागद घराचे आहेत, भिंतीचे नाहीत. पलीकडच्या आळीत एकांनी अशीच आठवड्यात नवी भिंत घातली आणि वरून चुना फासला. जुनी असती तर तुम्हाला आजच रंगवायची काय घाई होती?" आणि त्यांनी पिशवीतून काम थांबवायच्या नोटिशीचं पुस्तक काढलं. मामंजी पावत्यांची पुन्हा घडी घालू लागले.

तेवढ्यात सासूबाई मागून आल्या. डोक्यावर पदर नीट घेतला, गवंड्याच्या हातातली थापी मागून घेतली आणि ओव्हरसियरांना म्हणाल्या, "लिहू नका. आधी आत या."

त्या त्यांना ओटीच्या आतल्या बाजूला घेऊन गेल्या. कंदिलाच्या खुंटीखाली, कमरेइतक्या उंचीवर त्यांनी थापीचं टोक घातलं आणि उचकटलं. चुन्याचा तळहाताएवढा पापुद्रा निघाला. बोटाच्या नखापेक्षा जाड. तो त्यांनी कडेने उजेडात धरला. कडेला रेघाच रेघा होत्या, एकावर एक.

"दर दिवाळीला एक हात," त्या म्हणाल्या. "मी या घरात आल्यापासून माझ्या हाताने. हा वरचा ओला, आजचा. ही निळसर रेघ सूनबाई आली त्या वर्षीची, नीळ जास्त पडली होती. हा पिवळा, मुलाच्या मुंजीला पिवडी घातली होती. मोजा."

ओव्हरसियर खरंच मोजू लागले. मग त्यांचं बोट थांबलं. निळ्या आणि पिवळ्याच्या मध्ये एक काळपट, तेलकट पट्टा होता.

"आणि हे?"

मामंजी एकदम दाराबाहेर रस्त्याकडे बघायला लागले.

"ती दोन वर्षं चुना लावला नाही. माझी थोरली मुलगी सासरहून आजारी होऊन आली होती. छातीचं दुखणं. इथे या भिंतीला टेकून बसायची. डॉक्टर म्हणाले, हवेशीर खोलीत ठेवा. आमच्याकडे कुठली खोली? ही ओटी, आणि रस्त्याची धूळ. ती गेल्यावर डॉक्टर म्हणाले, सगळीकडे चुना मारून घ्या. बाकी घराला मारला. इथे तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता. तेवढ्यावर नाही मारू दिला."

यांना एक बहीण होती आणि ती लहान वयात गेली, एवढंच मला माहीत होतं. कशाने, कुठे, ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तीन वर्षं मी त्याच खुंटीला शाळेची पिशवी अडकवत होते.

"तेव्हापासून वर एक खोली हवी असं माझ्या मनात होतं," सासूबाई म्हणाल्या. हे त्या ओव्हरसियरांना सांगत होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

ओव्हरसियरांनी पुस्तक मिटलं. पाहणीच्या कागदावर 'भिंत जुनी' असं लिहून खाली सही केली. मामंजी भानावर आले आणि तो पापुद्रा पुरावा म्हणून अर्जाला जोडावा असं म्हणू लागले. सासूबाईंनी तो पदरात धरला आणि म्हणाल्या, "हा नाही द्यायचा." ओव्हरसियर चहा घेऊन गेले.

त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंची माफी मागायला मी चार वेळा स्वयंपाकघराच्या आडोशापर्यंत गेले आणि चारही वेळा काहीतरी भांडं उचलून परत आले. बोलताना चटकन सुटणारी माझी जीभ तेव्हा काही केल्या उचलेना. पुढेही मी ते शब्दांनी कधी म्हटलं नाही.

पावसाच्या तोंडावर खोली झाली. जिन्याच्या पायऱ्या अजून कच्च्याच होत्या. यांनी अंथरुणाची वळकटी उचलली तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, आधी तुम्ही चला वर."

गुडघे दुखत होते तरी त्या चढल्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. मी मागे होते. खिडकी उघडली तसा खाडीकडचा वारा आत शिरला आणि त्यांच्या डोक्यावरचा पदर खाली पडला. त्यांनी तो सावरला नाही.

"केवढा वारा येतो गं इथे," त्या म्हणाल्या.

मग त्या नव्या भिंतीला डोकं टेकून खाली बसल्या. मी त्यांना उठवलं नाही. चहा वरच नेऊन दिला.